निरंक गाव

कोपरखार गावात गेल्या अडीच वर्षांत कुणालाही ताप आला नव्हता. खोकला नाही, जुलाब नाही, कावीळ नाही, विंचूदंश नाही. नागावच्या किनाऱ्यापासून सात-आठ किलोमीटर आत, चारी बाजूंना भातशेती आणि मधून खाडीचं एक बोट आत शिरलेलं, असं हे सव्वाशे घरांचं गाव. त्या सव्वाशे घरांत मिळून एक शिंक आल्याचीही सरकारदरबारी नोंद नव्हती. माणसं मात्र मरत. पण ती आजारी न पडता मरत.

हा चमत्कार नीराबाई करत असे.

नीराबाई गावच्या आरोग्य उपकेंद्रातली अर्धवेळ परिचर. केंद्र झाडायचं, पाणी भरायचं, सकाळी कुलूप काढायचं आणि दुपारी लावायचं, एवढंच तिचं काम. बाकीच्या कामांसाठी वेगळी पदं मंजूर होती आणि ती मंजूर आहेत हे भिंतीवरच्या फलकावर ठसठशीत लिहिलेलंही होतं. आरोग्यसेवकाचं पद भरायचं राहून गेलं होतं. सेविका श्रद्धा सिस्टर होती. तिला अडीच वर्षांपूर्वी वरच्या कार्यालयाने 'तात्पुरत्या' कामासाठी बोलावून घेतलं. तात्पुरतं म्हणजे साहेबांचं एक सादरीकरण तयार होईपर्यंत. सिस्टरचा हात संगणकावर चांगला चालायचा, हा तिचा दोष. एक सादरीकरण संपायच्या आत साहेबांना दुसरं सुचायचं, आणि आरोग्य खात्यात दुसऱ्या कुणाला आलेख रंगवता येत नव्हते.

जाताना सिस्टरने टॅब नीराबाईच्या हातात दिला. दर शनिवारी आठवड्याचा रोग-अहवाल भरायचा. टॅबवर चौदा रकाने होते, तेरा रोगांचे आणि शेवटचा मृत्यूचा, आणि खाली एक भलंमोठं हिरवं बटण होतं : 'निरंक'. ते दाबलं की चौदाही रकान्यांत आपोआप शून्य बसे आणि पडद्यावर एक हसरा चेहरा येई.

पहिल्याच शनिवारी नीराबाईने तालुक्याच्या कार्यालयात माहिती गोळा करणाऱ्या निकेशला फोन लावला होता.

"निकेशभाऊ, गावात चार मानसा तापानं पडल्यात. चाराचा आकडा कुठं घालू?"

"मावशी, ताप तपासला कुणी?"

"मी हात लावून बघितला ना. चटका बसतो."

"तुम्ही डॉक्टर आहात?"

"न्हाय."

"सिस्टर आहात?"

"न्हाय, पन ताप तर..."

"मग तपासणी झाली नाही. तपासणी नाही म्हणजे रुग्ण नाही. रुग्ण नाही म्हणजे काय?"

"काय?"

"निरंक, मावशी, निरंक! हिरवं बटण."

नीराबाई सातवी पास. पण हा शब्द काही तिच्या पुस्तकात आला नव्हता. निरंकारासारखं काही देवाधर्माचं असावं, असं समजून तिने पहिल्यांदा पदर डोक्यावर घेऊन बटण दाबलं. पुढे सवय झाली.

सवयीचं एक बरं असतं, ती विचार करू देत नाही. पण गेल्या श्रावणात तिचा धाकटा दीर कोंडाजी लावणी आटपून शेतातून आला तो पोटऱ्या धरूनच. अंगात ताप, डोळे हळदकुंकू कालवल्यासारखे लाल. सिस्टर असताना दर पावसाळ्यात घसा कोरडा करून सांगायची : चिखलातून आल्यावर पोटऱ्या दुखल्या, डोळे लाल झाले की घरात बसू नका, माझ्याकडे या, गोळी घ्या. कोंडाजी उपकेंद्रात आला. तिथे नीराबाई होती, झाडू होता, आणि गोळ्यांच्या कपाटाला कुलूप होतं. किल्ली सिस्टरकडे. चौथ्या दिवशी त्याला गाडीत घालून नेला, सहाव्या दिवशी आणला.

त्या शनिवारी नीराबाई सुतकात होती. म्हणून तिचा नवरा अंबाजी याने बोट टेकवलं. पडद्यावर चेहरा हसला.

तेव्हापासून हिरवा रंग तिच्या डोळ्यांत खुपायला लागला. शेतात असतो त्याचं काही नाही, टॅबवरचा.

आणि या श्रावणात खालच्या आळीत पुन्हा तेच सुरू झालं होतं. अकरा माणसं अंथरुणाला खिळलेली, त्यातल्या तिघांचे डोळे लाल. नीराबाईने निकेशला फोन केला, तर तिने तोंड उघडायच्या आत तोच ओरडला, "मावशी, तुमच्या गावाला बक्षीस मिळालंय!"

"क्याचं?"

"काहीच न झाल्याचं!"

---

परिषद नागावला, समुद्राकाठच्या एका रिसॉर्टमध्ये होती. पावसाळ्यात पर्यटक नसतात आणि खोल्या निम्म्या दराने मिळतात, त्यामुळे समाजाच्या आरोग्याचा विचार करायला हाच काळ योग्य ठरला होता. दारावर हात-हात लांब अक्षरांत लिहिलं होतं : 'रोग प्रतिबंध व निरोगी समाज : राज्यस्तरीय परिषद'.

नीराबाईला सोडायला आलेला रिक्षावाला कापडी फलक वाचून म्हणाला, "प्रतिबंध? आता आनखी काय बंद करतायत, काकी?"

"बघते नि सांगते," नीराबाई म्हणाली. तिने लग्नातलं जांभळं लुगडं नेसलं होतं आणि टॅब पदराखाली धरला होता, कारण पत्रात 'टॅबसह उपस्थित राहावे' असं लिहिलं होतं.

आत आरोग्य ओसंडून वाहत होतं. नारळाच्या बागेत आदल्या दिवशी डासांसाठी इतका धूर सोडला होता की पाहुणे खोकत होते. पहाटे साडेसहाला किनाऱ्यावर योगासनं होती. ती साडेआठला सुरू झाली आणि आठ चाळीसला फोटो काढून संपली. एका मंडपात रक्तातली साखर मोफत मोजून मिळत होती आणि लगतच्या मंडपात नाश्त्याला साजूक तुपातली जिलबी होती, त्यामुळे तपासणीला रुग्ण कमी पडत नव्हते. श्रावण असल्याने मासळी नव्हती. ती उणीव तुपानेच भरून काढलेली दिसत होती. प्रत्येकाच्या हातात पाण्याची प्लास्टिकची बाटली आणि गळ्यात ओळखपत्र होतं. पहिल्या व्याख्यानाचा विषय होता 'बैठी जीवनशैली : एक छुपा शत्रू'. ते सव्वादोन तास चाललं आणि तेवढा वेळ सगळे बसून होते.

पिशव्या वाटायच्या टेबलामागे श्रद्धा सिस्टर उभी होती. नीराबाईला पाहताच ती टेबल ओलांडून आली.

"नीरामावशी! किती वाळलात हो!"

"तुमी मात्र भरलाव, सिस्टर. बसून काम ना."

सिस्टर हसली, पण हसणं टिकलं नाही. तिने नीराबाईला कुंड्यांच्या आडोशाला नेलं. "मावशी, तुम्हाला कुणी सांगितलं का? आज शेवटी ठराव आहे. कोपरखारचं सेविकेचं पद रद्द करायचं आणि दुसरीकडे वळवायचं. सेविकेवाचून गाव निरोगी राहतं हे सिद्ध झालंय म्हणून."

"कोनी सिद्ध केलं?"

"तुम्ही."

नीराबाईने पदराखालचा टॅब बाहेर काढून बघितला.

"अडीच वर्षं निरंक. आख्ख्या जिल्ह्यात एकच गाव. आलेख मीच काढलाय," सिस्टर खाली बघत म्हणाली. "साहेबांनी सांगितलं, हिरव्या रंगात काढ."

"म्हंजे तुमी परत यायच्या न्हाय?"

"पदच नसेल तर कुठे येऊ?"

"आनि कपाटाची चावी?"

सिस्टरने गळ्यातल्या ओळखपत्रामागे हात घातला. त्याच दोरीत अडकवलेली एक लहानशी गंजकी किल्ली तिने दाखवली. अडीच वर्षं ती तशीच बाळगत होती. परत जायचंच आहे, असं तात्पुरत्या माणसाला रोज वाटतं.

"खालच्या आळीत अकरा हायत," नीराबाई म्हणाली. "तिघांचे डोळे कोंडाजीसारखे."

सिस्टरचा चेहरा उतरला. ती काही बोलणार, तेवढ्यात कुणीतरी हाक मारली, "सिस्टर, पिशव्या!" आणि ती गेली.

---

दुपारी जेवणानंतर, लोकांच्या डोळ्यांवर झापड आलेली असताना, डॉक्टर आश्लेषा व्यासपीठावर आल्या. त्या मुंबईच्या एका संस्थेच्या. सकाळच्या रो-रो बोटीने मोटारीसकट आल्या होत्या. वय तिशीतलं, आवाज गोड, आणि कोपरखारविषयी त्यांना इतकं प्रेम होतं की तिथे जाऊन ते कमी करायचं त्यांनी टाळलं होतं.

पडद्यावर आलेख आला. लाल खांब उंच, मधले पिवळे, आणि शेवटी जमिनीलगत एक हिरवी रेघ.

"हे लाल खांब बघा," त्या म्हणाल्या. "या गावांत सेविका आहेत, सेवक आहेत, काही ठिकाणी डॉक्टरसुद्धा आहेत. आणि तिथे रोग किती? शेकड्यांनी! आता हे कोपरखार. एकही कर्मचारी नाही. रोग शून्य. आपण कर्मचारी वाढवतो तसतसे रोग वाढतात, हे आकडे सांगतायत. समाजाने स्वतःची काळजी स्वतः घेणं, यालाच आम्ही 'कोपरखार प्रारूप' म्हणतो."

टाळ्या पडल्या. पुढच्या रांगेतल्या एका गृहस्थांनी वहीत लिहून घेतलं. हेच तर्कशास्त्र आणखी थोडं ताणलं तर अग्निशमन दल बंद करून आगी थांबवता येतील, हे कुणाला सुचलं नाही. किंवा सुचलं असेल तर ते पुढच्या परिषदेसाठी राखून ठेवलं असेल.

मग नीराबाईला वर बोलावलं. अध्यक्षस्थानी बसलेल्या मोठ्या साहेबांनी तिला शाल दिली, श्रीफळ दिलं आणि काचेचं एक हातभर नारळाचं झाड दिलं. ते तिला टॅबसकट सांभाळता येईना, म्हणून निकेश धावत आला आणि झाड धरून मागे उभा राहिला.

"आणि आता," डॉक्टर आश्लेषा म्हणाल्या, "आज शनिवार आहे! नीराताई या आठवड्याचा अहवाल इथेच, आपल्या सर्वांसमोर भरून दाखवतील. किती सोपं आहे ते बघा. एक बोट, एक बटण!"

निकेशने टॅबला एक वायर लावली. मागच्या पडद्यावर टॅब दिसू लागला; चौदा रकाने, एकेक रकाना दाराएवढा, आणि खाली हिरवं बटण खाटेएवढं.

नीराबाईचं बोट वर गेलं आणि थांबलं. तीनशे माणसं बघत होती. आयुष्यात तिने साहेबाच्या तोंडाकडे कधी बघितलं नव्हतं, फार तर बुटांकडे. आज बुटांकडेच बघत तिने विचारलं, "साहेब, एक इचारू?"

"विचारा, विचारा!" साहेब लोकांकडे बघून हसले.

"तपासल्याशिवाय लिवता येतो का?"

निकेश मागून कुजबुजला, "मावशी, बटण दाबा."

पण साहेबांच्या हातात ध्वनिवर्धक होता, समोर कॅमेरा होता, आणि जेवणही चांगलं झालं होतं. ते उठले. "नीराताई," ते गहिवरून म्हणाले, "पदवी म्हणजे काय हो? कागद! तुमचे डोळे हीच तुमची तपासणी. कोपरखारच्या डॉक्टर तुम्हीच! तुमच्या डोळ्यांना जे दिसतं तेच तुम्ही भरा. कुणाला विचारायचं नाही. हा माझा आदेश समजा!"

सभागृह टाळ्यांनी दुमदुमलं.

आता सरकारी उपकेंद्रात बावीस वर्षं झाडू मारलेल्या बाईला आणखी काही कळो न कळो, तोंडी आदेश कळतो. कुणी दिला, कुठे दिला, कुणासमोर दिला, हे ती आधी मनात पक्कं करते. नीराबाईने तीनशे साक्षीदार बघून घेतले. मग बोट हिरव्या बटणावरून उचललं आणि वर, तिसऱ्या रकान्यावर नेलं. 'ताप.'

एक दाबला. पुन्हा एक दाबला. पडद्यावर उभा राहिला ११.

"मावशी!" निकेश म्हणाला. काचेचं झाड हातात असल्याने त्याला काही करता येईना.

नवव्या रकान्यात, 'ताप व लाल डोळे, पोटऱ्यांत वेदना', तिने ३ घातले. 'मृत्यू' या रकान्यापाशी ती जरा रेंगाळली. तिथे फक्त चालू आठवडा भरता येत होता. कोंडाजी गेल्या वर्षीचा. तो रकाना तिने सोडून दिला आणि 'पाठवा' दाबलं.

हसरा चेहरा आला नाही. पडदा लाल झाला. 'साथीच्या उद्रेकाची शक्यता. चोवीस तासांत पथकाने गावात पोहोचणे बंधनकारक.'

आणि मग सभागृहात एक चिमणी चिवचिवली. दुसरीकडे घंटा वाजली. तिसरीकडे कुणाच्या खिशात आरती सुरू झाली. ही सूचना जिल्ह्यातल्या सगळ्या जबाबदार अधिकाऱ्यांच्या भ्रमणध्वनीवर एकाच वेळी जाते, आणि जिल्ह्यातले सगळे जबाबदार अधिकारी त्या दिवशी एकाच छपराखाली होते. साहेबांचाही खिसा वाजला.

मागच्या रांगांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, प्रात्यक्षिक फारच हुबेहूब झालं.

"हे... हे नमुन्यादाखल आहे ना?" डॉक्टर आश्लेषांनी विचारलं. गोडवा अजून आवाजात होता, पण तो आता ओढून धरलेला.

"न्हाय बाई. खालच्या आळीतली मानसा हायत. नावा सांगू? सोनूबाई, तिचा मुलगा सवराज..."

"नको, नको! निकेश, हे मागे घ्या."

निकेशने झाड खाली ठेवलं आणि टॅब हातात घेतला. खूप टोचून बघितलं. शेवटी पडद्यावर एक ओळ आली आणि तीनशे लोकांनी ती वाचली : 'दुरुस्तीसाठी वरिष्ठ कार्यालयाशी संपर्क साधावा.' वरिष्ठ कार्यालय पहिल्या रांगेत सोफ्यावर बसलं होतं आणि आपापल्या फोनकडे बघत होतं.

त्याच फोनवर दुसरी सूचना आली. पथकात सर्वप्रथम कुणी जायचं, हे यंत्र स्वतःच ठरवतं. यंत्राला प्रतिनियुक्ती ठाऊक नव्हती. ती तोंडी होती. त्याच्या लेखी कोपरखारची सेविका कोपरखारातच होती. पडद्यावर नाव आलं : 'श्रद्धा. नेमणूक : उपकेंद्र कोपरखार. तात्काळ हजर व्हावे.'

सगळ्या माना पिशव्यांच्या टेबलाकडे वळल्या.

सिस्टरने हातातली पिशवी खाली ठेवली. "साहेब, मला जावं लागेल," ती म्हणाली. "यंत्राचा आदेश आहे."

"अहो, पण समारोपाचं सादरीकरण..." साहेब म्हणाले. मग त्यांना कॅमेरा दिसला. "जा. अवश्य जा. हाच तर प्रतिबंध!"

ठराव त्या दिवशी झाला नाही. त्याऐवजी समारोपाला चहा लवकर दिला.

---

परतताना तोच रिक्षावाला भेटला. मागे सिस्टर, नीराबाई, वाटेत तालुक्याला घेतलेलं गोळ्यांचं खोकं आणि रक्ताच्या नमुन्यांचा डबा; नीराबाईच्या मांडीवर काचेचं झाड.

"काकी, मग काय बंद केलान?"

"परिषद," नीराबाई म्हणाली.

उपकेंद्राचं कपाट उघडायला पाव तास गेला. किल्ली बरोबर होती, कुलूप गंजलं होतं. अंबाजीने खोबरेल सोडलं तेव्हा ते वळलं. आतल्या गोळ्यांची मुदत संपून दीड वर्ष झालं होतं. सोबत आणलेलं खोकं होतं म्हणून निभावलं. संध्याकाळपर्यंत अकराही घरं झाली. तिघांना त्याच दिवशी रुग्णालयात पाठवलं. त्यांच्या रक्ताने नंतर नीराबाईच्या डोळ्यांना दुजोरा दिला. तिघंही चालत घरी आले. सोनूबाईने तर येताना रुग्णालयाची चादरही आणली.

सिस्टर परत गेली नाही. उद्रेक चालू असताना सेविकेला हलवता येत नाही, असा नियम निघाला. आणि उद्रेक संपला हे सेविकेने लिहून द्यायचं असतं, असाही निघाला. ती सवडीने लिहिणार होती.

दहाव्या दिवशी नीराबाईला लखोटा आला. आत कारणे दाखवा नोटीस. 'आपण राज्यस्तरीय परिषदेत रूढ कार्यपद्धती सोडून माहिती भरली, त्यामुळे जिल्ह्याची प्रतिमा मलिन झाली व कोपरखार प्रारूपास बाधा पोहोचली. आपणाविरुद्ध कारवाई का करू नये, याचा खुलासा सात दिवसांत सादर करावा.' खाली खुलाशासाठी चौकट आखलेली होती, चांगली वीतभर.

अंबाजीने ती दोनदा वाचून दाखवली आणि घाबरून म्हणाला, "सिस्टरला इचार. मोठ्या मराठीत काहीतरी लिवून देल ती."

"क्याला?" नीराबाई म्हणाली. "मना येतो मोठा मराठी. अडीच वरसा शिकवलाय त्यांनी."

बाहेर वारा सुटला होता. उपकेंद्राचं दार आपटू नये म्हणून लावलेलं काचेचं झाड तिने पायाने नीट सरकवलं. मग टेबलाशी बसली, पेन घेतलं, आणि त्या वीतभर चौकटीच्या मधोमध, सातवीच्या वळणदार अक्षरात, एकच शब्द लिहिला :

निरंक.